घडीचे पंख

केस पिकल्यावर देवीदास अढाऊ मास्तर अकोल्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत, तेव्हा मुलं त्यांना पाठीमागं गरीब गाय म्हणत. कोणाच्या हातून शाई सांडो, कोणी वर्तुळाचं वांगं करून ठेवो, मास्तर खुर्चीतून उठून त्या पोराजवळ जाऊन बसत आणि हळूच विचारत, "कुठं बिघडलं, सांग बरं." या माणसाच्या पावलाच्या आवाजानं एके काळी अख्खं घर चिडीचूप होत होतं असं कोणी सांगितलं असतं, तर पोरं हसली असती. पण ते खरं होतं, आणि ही गोष्ट त्याच देवीदासची आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता. अढाऊ मंडळी बडनेऱ्याजवळच्या एका खेड्यातली, जातीनं माळी. झेंडू, शेवंती, थोडी वांगी-मिरची आणि विहिरीभोवती संत्र्याची झाडं. बाप लवकर गेला. आई मनकर्णाबाई हिनं पदर खोचला आणि मळा सांभाळला. स्वतः बैलगाडी हाकत अमरावतीच्या बाजारात फुलं न्यायची आणि भाव पाडून मागणाऱ्याला अशी सुनवायची की तो पुढच्या खेपेला गुमान घ्यायचा. तिचा मोठा देवीदास नागपूरला जाऊन यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकला आणि अकोल्याच्या शाळेत लागला. धाकटा उद्धव मळ्यातच राहिला. अंगानं काटकुळा, पण झाडाच्या शेंड्यावर चढायला सांगितलं की कारण विचारणार नाही असा.

देवीदासचा राग मोठा विचित्र होता. हात त्यानं कधी कोणावर उगारला नाही. पण तोंड सुटलं की थांबायचं नाव नाही. चूक निघाली की ती धरून तो मागच्या साऱ्या चुका उकरायचा, माणसाच्या अकलेची, बापजाद्यांची, सात पिढ्यांची चिरफाड करायचा. समोरच्याला वाटावं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायको अनसूया हिच्या हातून एकदा लाकूड चिकटवायचा सरस उतू गेला, तर जेवणं होईपर्यंत आणि जेवणं झाल्यावरही तेच चाललं होतं. त्या दिवसापासून घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं, तर शनिवारी देवीदास अकोल्याहून यायच्या आत ते झाकलं जाऊ लागलं. आणि या बहाद्दराला काय वाटे? आपल्या शिस्तीनं घराला वळण लागलं, आता इथं चुका होत नाहीत! हे तो अकोल्यात चारचौघांत अभिमानानं सांगे.

विमानाचं वेड लागलं ते अकोल्यातच. गावाबाहेरच्या मैदानात एक लहान विमान उतरलं होतं. ते उडताना पाहायला सारा गाव लोटला. देवीदास मात्र थांबला तो ते उतरल्यावर काय करतात ते पाहायला. वारा सुटायची लक्षणं होती म्हणून दोघा माणसांनी विमानाचे पंख मागं फिरवले, कोंबडी बसल्यावर अंगाशी घेते तसे, आणि ते चिंचोळं झालेलं यंत्र एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीआड नेऊन बांधलं. लोक घरी गेले. देवीदास भिंतीशी उभा राहून कागदाच्या चिठोऱ्यावर रेघा मारत होता.

इंजिन आणणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यानं बिनइंजिनाचं विमान करायचं ठरवलं. मोटारीला दोर बांधून ओढायचं, वर गेलं की दोर सोडायचा आणि तरंगत खाली यायचं. इंग्रजी मासिकांतून त्यानं ग्लायडरची चित्रं जमवली. पण त्या चित्रांतल्या साहेबांना जी अडचण नव्हती ती त्याला होती. यंत्र बांधायला जागा होती ती मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यात. उडवायला मोकळी जागा होती ती गावाच्या शिवेपलीकडच्या गायरानात. आणि दोन्हींच्या मधे होती पांदण, दोन्ही बाजूंनी बाभळीची कुंपणं असलेली गाडीवाट. समोरून दुसरी गाडी आली तर एकीला मागं जावं लागे, इतकी अरुंद. लांबरुंद पंखांचं यंत्र त्या पांदणीतून न्यायचं म्हणजे पंख मिटलेच पाहिजेत. बैल बांधायच्या कोठ्यात ते ठेवायचं तरी मिटलेच पाहिजेत.

पंख मिटणं सोपं वाटतं. ते नाही. पंखाच्या आत दोन आडवे दांडे असतात, एक पुढं, एक मागं. देवीदासनं मागचा दांडा बिजागरीनं धडाला जोडला आणि पुढचा एका खिळीनं. खीळ काढली की पंख दाराच्या फळीसारखा मागं फिरावा, खीळ घातली की पक्का व्हावा. पण पंखाला खालून तोलणारा टेकू होता. पहिल्यांदा पंख मागं फिरवला तेव्हा तो टेकूच कडाडला. टेकूची खालची बिजागरी वरच्या बिजागरीच्या बरोबर खाली, एका ओळंब्यात यायला हवी हे कळायला अख्खा उन्हाळा गेला. मग दोन्ही पंखांच्या मागच्या कडा धडाशी येऊन एकमेकींवर आपटू लागल्या, म्हणून तेवढा तुकडा वर उलटेल असा केला. पंखांच्या टोकांना हलवणाऱ्या तारा दर वेळी सोडायला लागू नयेत म्हणून त्या बिजागरीच्या अगदी जवळून नेल्या. जिनिंगला यंत्रं येतात त्या परदेशी खोक्यांचं हलकं लाकूड, वर मांजरपाट, त्यावर खळ. उद्धव रात्रंदिवस राबला, आणि प्रत्येक चुकीपायी त्यानं बोलणी खाल्ली. उत्तर कधी दिलं नाही. मान खाली घालून तो पुन्हा कानस घ्यायचा.

राहिल्या त्या दोन खिळी, प्रत्येक पंखाला एक. साऱ्या पंखाचा भार शेवटी तिच्यावर यायचा. सूर्यभान लोहार म्हणाला, "मास्तर, गाडीच्या चाकाच्या खिळीचं माप धरा. माह्याजवळ अवजार त्याच मापाचं हाये, भोक बी सरळ पडन." देवीदासला ते पटलं. माप चाकाच्या खिळीचं, डोक्याला कडीही तशीच. धातू मात्र वेगळा. चाकाची खीळ साध्या मऊ लोखंडाची असते, ती वाकली तरी काही बिघडत नाही. पंखासाठी देवीदासनं मोडक्या मोटारीच्या आसाचं पोलाद आणलं. सूर्यभाननं ते तापवून तेलात विझवलं तेव्हा त्याच्यावर निळसर काळी झाक आली. ओळख म्हणून देवीदासनं दोन्ही खिळींच्या डोक्यावर कानशीनं एक काप दिला. हे काप पाहिल्याशिवाय उडायचं नाही, असा त्यानं उद्धवला दम भरला होता.

अमरावतीचे केशवराव वकील यांची मोटार ओढायला मिळाली. वकील हौशी, पण जिभेला हाड नसलेले. दर रविवारी ते गाडी घेऊन येत, सतरंजी टाकून बसत आणि शेरे मारत. उद्धव सरळ उड्या मारायला शिकला. निंबाच्या झाडाएवढा वर जायचा, मग दोन निंबांएवढा, आणि गायरानाच्या टोकाला अलगद उतरायचा. एकदा पंख मिटून यंत्र पांदणीत शिरत असताना वकील म्हणाले, "देवीदास, घडीच्या खाटेवर जाडा पाहुणा बसला की काय होतं ठाऊक आहे ना? तसंच होणार हे. सरळ उड्या ठीक आहेत. वळण घेऊन दाखवा, मग मानतो तुमचे घडीचे पंख."

देवीदासच्या मस्तकात तिडीक गेली. पण वकिलाला बोलायची सोय नव्हती, मोटार त्यांची होती. तो एवढंच म्हणाला, "दसऱ्याला या. तुमच्या टोपीवरून गिरकी घेऊन दाखवतो." मग घरी जाऊन त्यानं उद्धवला बसवलं. "दोर सोडला का माह्याकडं पाहाचं. मी उपरनं हालवलं का डाव्या अंगाले कचकन वळाचं. भित्र्यावानी नाही, खडी गिरकी पायजे. समजलं?" उद्धवनं मान हलवली. खड्या गिरकीत पंखावर सरळ उड्डाणाच्या कितीतरी पट भार येतो हे देवीदासला पाठ होतं. म्हणून तर पोलाद होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रं-अवजारं पुजायचा दिवस. मनकर्णाबाईच्या घरी हा दिवस म्हणजे मोठा कारभार. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुदळी, सारं धुऊन पाटावर मांडायचं. गाडी धुवायची, चाकांना वंगण द्यायचं, चाकांच्या खिळीही काढून पूजेत ठेवायच्या. सगळं मांडून झाल्यावर ती कोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"देवीदास, त्या तुह्या उडत्या गाडीचं लोखंड दे इकडं."

"माय, ते अवजार नोहे. ते पूजेत नाही जात."

"जिच्यावर माह्या लेकराचा जीव टांगेल हाये, तेच पूजेत नाही ठेवाचं म्हन्तं?"

देवीदास कुरकुरला, पण या एका बाबतीत आईपुढं कोणाचं चालत नसे. पंख मिटलेलेच होते, खिळी काढलेल्याच होत्या. त्यानं त्या उद्धवच्या हाती दिल्या. मनकर्णाबाईनं पाटावर चारही खिळी, चाकांच्या दोन आणि पंखांच्या दोन, एका ओळीत मांडल्या, हळद-कुंकू असं हात सैल सोडून वाहिलं की लोखंड दिसेना, वर झेंडूची फुलं ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. पूजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. पाट तसाच राहिला.

दसऱ्याची पहाट म्हणजे माळ्याच्या घरची दिवाळी. झेंडूचे ढीग गाडीत भरून मनकर्णाबाई उजाडायच्या आत अमरावतीला निघून गेली. देवीदास उठला तेव्हा अंगणात पाकळ्यांचा सडा होता आणि उद्धव पाटासमोर उकिडवा बसला होता. हातात खीळ होती. भावाची चाहूल लागताच तो झटकन उभा राहिला.

"काय पाहून राह्यला?"

"काही नाही दादा."

अनसूया चुलीपुढून उठून दारात आली. "ऐकता काय? भाऊजी म्हनून राह्यले का..."

"आज मधामधात बोलू नको मले," देवीदास कडाडला. "आज कोनाचंच काही ऐकाचं नाही मले. वकील चार गावं घेऊन येऊन राह्यला. काही कमीजास्त झालं त एकेकाची गाठ माह्यासंग हाये!"

अनसूयानं उद्धवकडं पाहिलं. उद्धवनं डोळ्यांनीच नको म्हटलं. ती परत चुलीपाशी जाऊन बसली. हे सारं देवीदासच्या समोर घडलं आणि त्याला दिसलं नाही.

दुपार कलली तशी गायरानात जत्रा भरली. सीमोल्लंघनाला गाव शिवेबाहेर जातोच, त्यात आज माणूस उडणार म्हटल्यावर घरी कोण राहतो? ढोल होते, डफ होते, आपट्याच्या फांद्या घेतलेली माणसं होती. पंख मिटलेलं यंत्र पांदणीतून बाहेर पडलं आणि मोकळ्यावर आल्यावर दोन्ही पंख पुढं फिरवून पसरले, तेव्हा लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. देवीदासची छाती फुगली. उद्धवनं खिळी घातल्या. देवीदास एकेक सांधा हातानं चाचपत आला. डाव्या पंखाच्या खिळीवर कुंकवाचा थर होता. काप पाहायला तो अंगठ्यानं पुसणार, इतक्यात उद्धव म्हणाला, "पुसू नको दादा. पूजेचं हाये. मायले दिसलं त बोलन."

ते खरंच होतं. पूजेचं कुंकू सणाच्या दिवशी पुसलेलं मनकर्णाबाईला खपलं नसतं. देवीदासनं कडी धरून खीळ हलवून पाहिली. घट्ट होती. तो पुढं गेला.

वकील नवं उपरणं खांद्यावर टाकून आले होते. मोटारीत त्यांचा ड्रायव्हर. दोर ताणला गेला, देवीदास पंखाचं टोक धरून काही पावलं पळाला, टोक हातातून सुटलं, आणि उद्धव वर निघाला. ढोल एकदम वाढले. धापा टाकत देवीदास गर्दीच्या कडेला आला. तिथं नुकतीच मनकर्णाबाईची गाडी येऊन थांबली होती. फुलं खपवून ती थेट गायरानावर आली होती आणि गाडीतच उभी राहून, कपाळावर हात धरून, वर पाहत होती. देवीदासनं दम खायला चाकावर हात टेकला. बोटांना खीळ लागली. तिच्यावरचं कुंकू रस्त्यानं केव्हाच उडालं होतं.

खीळ निळसर काळी होती. डोक्यावर कानशीचा काप होता.

त्यानं अंगठा फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. मग पलीकडच्या चाकाशी पळत गेला. तिथं साधं लोखंड होतं. म्हणजे चाकाची दुसरी खीळ वर होती. डाव्या पंखात. मऊ लोखंडाची, गिरकीचा भार आला की मेणासारखी वाकणारी, आणि डाव्या अंगालाच खडी गिरकी घ्यायला त्यानं स्वतः सांगितलं होतं.

"उद्धव!" तो ओरडला. ढोलांपुढं त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

वर यंत्र दोन निंबांच्याही पलीकडं गेलं होतं. दोर सुटून खाली पडताना दिसला. आता उद्धव मोकळा होता, आणि ठरल्याप्रमाणं खाली पाहत असणार. देवीदासनं थांब म्हणायला दोन्ही हात वर नेले, आणि तसेच अर्ध्यावर थिजले. हात हलवला की वळायचं! उपरणं काय आणि हात काय, इतक्या उंचीवरून त्याला काय वेगळं दिसणार? ओरडलं तर ऐकू जात नाही, हलवलं तर मरतो. जन्मभर ज्याची जीभ थांबली नव्हती त्या माणसाला आता करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, काही न करणं. त्यानं हात खाली घेतले, मांड्यांना चिकटवले आणि खांबासारखा उभा राहिला. आपण हललो तर उद्धव मेला, एवढंच डोक्यात होतं.

"मास्तर, हालवा नं उपरनं!" कोणीतरी ओरडलं. गिरकीची गोष्ट गावभर झाली होती. "हालवा! वळू द्या त्याले!"

देवीदास हलला नाही. शेजारी वकील हसत होते. "काय देवीदास, कच खाल्ली? थांबा, मीच हलवतो." आणि त्यांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं काढून डोक्यावर गरगर फिरवलं.

देवीदासनं झेप घेतली. वकिलांचा हात धरून खाली ओढला, उपरणं हिसकावून पायाखाली घातलं. वकील खाली बसले. लोकांचा गलका झाला. देवीदासला त्यातलं काही कळलं नाही, तो मान वर करून पाहत होता. उपरणं फिरलं होतं. चांगलं दोन-तीनदा फिरलं होतं. उद्धवला दिसलं असणार. आता डावा पंख कलणार.

पंख कलला नाही. वाऱ्याची एक झुळूक आली, यंत्र जरासं डुचमळलं, डावं टोक खाली गेलं, आणि देवीदासच्या घशातून कसलासा आवाज निघाला. पण उद्धवनं ते हळूच सावरलं. लोक ओरडत होते, वळ, वळ! तो सरळ चालला होता, डोक्यावर पाण्याचा हंडा असलेल्या बाईसारखा, इकडं नाही, तिकडं नाही. गायरानाच्या टोकाशी ज्वारीचं उभं रान होतं. त्याच्या अलीकडं यंत्र जमिनीला टेकलं, दोनदा उसळलं, फरपटलं आणि थांबलं.

लोकांनी निराशेनं हुर्यो उडवली. "भेला! मास्तराचा भाऊ भेला!" देवीदास धावत सुटला. धोतर पायात आलं, पडला, उठला, पुन्हा धावला.

तो पोचला तेव्हा उद्धव बाहेर येऊन डाव्या पंखाशी वाकला होता. खिळीची कडी धरून ओढत होता. खीळ निघत नव्हती. देवीदासनं पायाखालचा दगड उचलला आणि खालून ठोकला. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला खीळ वर आली, अर्धी आली आणि अडकली. दोघांनी मिळून ती ओढून काढली. मधोमध वाकली होती. सरळ उड्डाणात, नुसत्या एका झुळकीनं एवढी वाकली होती. गिरकी घेतली असती तर काय झालं असतं हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

देवीदासनं ती हातात घेतली. "उपरनं दिसलं होतं तुले?"

"दिसलं."

"मंग वळला काहून नाही?"

उद्धव खाली वाकून खिळीचं भोक चाचपू लागला. देवीदासला सकाळचा उकिडवा बसलेला उद्धव आठवला, हातातली खीळ आठवली, अनसूयाचं तोडलेलं वाक्य आठवलं, आणि पुसू नको म्हणणारा आवाज आठवला.

"तुले मालूम होतं," तो म्हणाला.

"हो."

"पहाटंपासून मालूम होतं. गाडीतली खीळ हाये हे मालूम असून तू वर गेला?"

"सरळ जाईन त टिकन म्हनून वाटलं. गिरकी नाही घ्याची हे ठरवलंच होतं."

"अरे पन सांगतलं काहून नाही मले? एक शब्द! एक दिवस थांबलो असतो, गेला असता वकील खड्ड्यात!"

उद्धवनं तोंड वर केलं. उभ्या आयुष्यात त्यानं भावाच्या डोळ्यांत असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "कसं सांगू? अंधारात मायनं घातली ती चाकात. सांगतलं असतं त तू चार गावासमोर मायले बोलला असता. दिवसभर बोलला असता, मंग वरीसभर बोलला असता. वर जाचं भेव नाही वाटत मले, दादा. तुले सांगाचं वाटते."

देवीदासनं पंखाकडं पाहिलं. ज्या बिजागरीसाठी अख्खा उन्हाळा घालवला ती समोर शाबूत होती, तारा शाबूत होत्या, टेकू शाबूत होता. एवढ्या साऱ्यात कुठं चुकलं ते आता त्याला दिसत होतं, आणि ते सूर्यभानच्या भट्टीवर नीट करता येण्यासारखं नव्हतं.

ज्वारीच्या बांधानं मनकर्णाबाई धापा टाकत आली. आधी तिनं उद्धवला चाचपलं, तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. मग तिची नजर देवीदासच्या हाताकडं गेली. वाकलेली खीळ तिनं पाहिली. गाडीवाली बाई ती, चाकाची खीळ ओळखायला तिला किती वेळ लागणार? तिनं एकदा मागं वळून दूर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं पाहिलं, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला.

अमरावतीचा अख्खा बाजार जिला वचकून असे ती बाई. तिनं थोरल्या लेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर ओढून घेत ती धाकट्याच्या मागं सरकली.

"माय, मी काही म्हनत नाही," देवीदास म्हणाला. खीळ त्यानं खाली टाकून दिली आणि रिकामे हात पुढं केले. "माय, अवं मी काहीच म्हनत नाही."

तो पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिला, पण ती उद्धवच्या आडून पुढं आली नाही.